जोड

आवाज असा: टक. मग थोडा वेळ काही नाही. मग टक-टक.
इंजिन थंड असलं की गप्प,
सिग्नलला उभं राहिलं की सुरू,
मूठ पिळली की पळतो
पाहुणे आल्यावर आतल्या खोलीत जाणाऱ्या माणसासारखा.

वादी कबीरला गल्लीच्या टोकाशी आमचं गॅरेज.
मागे उघडा डोंगर, काडी उगवत नाही त्यावर,
त्यामुळे इथे सगळं दोनदा ऐकू येतं,
एकदा इंजिनाचं, एकदा दगडाचं.

गाडी खल्फान बिन सुलेमान यांची,
होंडा सातशेपन्नास, सत्त्याहत्तरची.
सोहारच्या खजूरबागेत, पंपाच्या खोलीत
बारा वर्षं पडून होती.
सीट उंदरांनी खाल्लेली, टाकीत गांधीलमाश्या.
आठ महिने लागले मला.
पिस्टन मोठे घातले, क्लच दुसऱ्या एका मेलेल्या गाडीचा,
आणि एका शुक्रवारी म्हातारा दिशदाशा गुडघ्यावर खोचून
कुरियातच्या रस्त्याला लागला.
पुढच्या शुक्रवारी परत.
"फी सौत," म्हणाला.
आवाज आहे.

बिजुमोन म्हणाला, टॅपेट.
पात्याने मोजले. बरोबर.
मी म्हणालो, कॅम चेन. ताणली.
टक.
मग लेथवरून गुलजमीर आला हात पुसत,
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसिंगवर टेकवलं, मूठ कानाला,
डोळे मिटून उभा राहिला
भिंतीला कान लावलेल्या शेजारणीच्या चिकाटीने.
"क्रँक," म्हणाला. "खोल दो."

क्रँक म्हणजे सगळं पुन्हा जमिनीवर.
मनात पाल चुकचुकत होतीच.
खोललं. बेअरिंगं लख्ख, माझ्याकडेच बघत होती.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी,
वर बावीस रियालची गॅस्केटं.

नवव्या दिवशी पुन्हा बांधून किक मारली.
टक.

त्या रात्री आवाज फोनवर भरून
मिरजेला धाकट्या भावाला पाठवला, उगाच,
तापाने फणफणलेल्या पोराचा खोकला पाठवावा तसा.
भाऊ तेव्हा हबीबचाचाच्या ओट्यावर.
चाचा ऐंशीच्या पुढचे, तानपुऱ्याच्या घोडीवर धागा सरकवत बसलेले.
लहानपणी त्यांनीच मला सांगितलं होतं,
"बाळा, तुझा कान लोखंडाचा आहे,"
म्हणून तर मी आयटीआयला गेलो.
त्यांना वाटलं कुणाचं तरी वाद्य आहे.
फोन कानाशी धरून म्हणाले,
"चार आहेत ना? जोडातली एक उतरलीय. तिसरी.
बाकीच्या तिला ओढत नेतायत."

मी हसलो.
मग हसू मिशीतच राहिलं.
चार सिलिंडर. चार कार्ब्युरेटर.
धावत खाली गेलो, गाडी गरम केली, क्लच दाबला:
टक गेली. सोडला: आली.
इतकं साधं, आणि तीन मिस्त्र्यांपैकी
एकालाही क्लच दाबून बघायचं सुचलं नव्हतं.
एकजण कमी श्वास घेतोय, तिघे पुढे निघालेत,
आणि मधली साखळी बिचारी दोन्हीकडून हिसके खातेय.

फळीवर चार पारदर्शक नळ्या बांधल्या, त्यात तेल.
इंजिनासमोर पंखा, कारण रात्री अकरालाही अडतीस डिग्री.
अर्धा फेरा. पाव. मग पावाच्याही आतलं काहीतरी,
ज्याला पान्यात माप नाही, मनगटात असतं.
तेल चढलं, उतरलं, चौघांत एका रेषेवर येऊन थरथरत राहिलं.
तिसरी नव्हती, दुसरी होती.
चाचांना हे कळवलं नाही.

मगरिबनंतर म्हातारा आला. चावी फिरवली, ऐकत राहिला.
डोंगराने सगळं परत पाठवलं, त्यात टक नव्हती.
पण डावीकडे, खाली, अगदी बारीक एक चिक.
ती मला आजच ऐकू आली होती.
मी स्क्रूड्रायव्हर उचलला.
त्याने तळहात आडवा धरला.
"ती राहू दे. दुकानातून आणली त्या दिवशीही होती.
माझी बायको मागे बसून मोजायची."

बिल बिजुमोनने लिहिलं:
आवाज, एक नग, काढला.
आवाज, एक नग, मालकाने परत नेला.