पत्ताबदल

एकतीस वर्षं मिरजेत, डाकेच्या सॉर्टिंगला,
मी पणजी नावाचा एक खण भरत होतो.
उजवीकडून चौथा, खालून दुसरा.
सागवानी. आत हात घातला
की कोपर बुडेल एवढंच खोल शहर.

आता चाळीस दिवस त्या खणात राहायला आलोय.
सोबत कुमुदिनी, तिचा गुडघ्याचा पट्टा
आणि साडूनं लिहून दिलेली यादी:
बघायची ठिकाणं, सत्तावीस.

पहिल्या आठवड्यात अकरा उरकली.
चर्चच्या नागमोडी पायऱ्या ती मोजत चढली,
मी खालीच उभा, पिशवी धरून.
वर घंटा वाजली तेव्हा ती चोपन्नवर होती, आकडा चुकला.
हात उगारून बाईला झोपवणारा तो काळा पुतळा
तिला पटला नाही.
"असं कोणी अंगावर आलं तर झोप लागेल होय?"
बेतीची फेरीबोट माणसांना फुकट,
म्हणून तीनदा गेलो, तीनदा आलो.
पलीकडे चहाशिवाय काही काम नव्हतं.

मला बघायचं होतं ते यादीत नव्हतंच.
हिरव्या शाईतला एक पत्ता होता:
श्रीमती एर्मेलिंदा फुर्तादो, मळा, झरीच्या वर.
दर महिन्याला सहा-सात तारखेला, नाशिकरोडहून, कार्ड.
मी वाचत नसे. नियम आहे.
एवढंच दिसायचं: इथे थंडी आहे.
मे महिन्यातसुद्धा, इथे थंडी आहे.
मग एका साली कार्डं थांबली.
खणाला काही कळलं नाही.

दुपारी दोन ते चार, सगळा मळा झोपलेला,
मी निळ्या-पिवळ्या भिंतींमधून फिरलो.
पाहुणे दारांचे फोटो काढत होते,
मी दारांवरची नावं वाचत होतो.
सापडलं. शिंपल्यांची खिडकी, कौलावर मातीचा कोंबडा,
फाटकाला पत्र्याची पेटी.
इकडंतिकडं पाहून हात आत घातला.
कोपर बुडालं नाही.
मनगटापाशीच तळ: विजेचं एक बिल,
पालीची दोन अंडी.
घंटी मारली नाही. काय सांगणार होतो?

सव्विसाव्या दिवशी जुनं गोवं.
कुमुदिनीनं कंडक्टरला विचारलं, शहर कुठंय?
"हेंच तें," म्हणाला, "देंवात बेगीन."
उतरलो. हिरवळ. डोंगराएवढी चर्चं, लांब लांब.
नदीकडं तोंड करून एक कमान, कोणाची तरी वाट बघत.
टेकडीवर अर्धा बुरूज,
त्याची घंटा, गाईड म्हणाला, पणजीला नेली.
कुमुदिनी माझ्याकडं बघून म्हणाली, चोपन्न.
दोन लाख माणसं होती इथं, गाईड म्हणाला,
साथी आल्या, लोक नदीनं खाली सरकले,
पुढं घरांचे दगडसुद्धा होड्यांत घालून नेले.

म्हणजे पत्ताबदल, मी म्हटलं.
आमच्यात त्याचा अर्ज असतो.
काही महिने टपाल नव्या जागी जातं,
नंतर ज्याचं त्याला परत.
गाईडनं घड्याळ बघितलं.

जांभ्याचा एक चौथरा होता, गवतात, चार बोटं उरलेला.
कुमुदिनी त्यावर बसली आणि तिनं डबा उघडला.
कोणाचं तरी स्वयंपाकघर असणार ते.
तिला बरोबर कळतं.

यादीच्या पाठीवर आता बांगड्यांचा हिशोब आहे.
सोळा ठिकाणं राहिली ती राहिली.
पोदेर आमच्या खिडकीखाली भोंगा दोनदा वाजवतो,
मालकीणबाईंनी आणखी दहा दिवसांचं भाडं
नको नको म्हणत घेतलं.

काल कुमुदिनीनं पोस्टातून एक कार्ड आणलं,
पेन माझंच, पाठ माझ्याकडं करून लिहिलं
आणि आमच्याच मिरजेच्या पत्त्यावर टाकलं.
मी वाचत नाही. नियम आहे.
एवढंच दिसलं: इथे थंडी नाही.
आणि खाली, तिरपं,
घरी कोणी नसल्यास शेजारी द्यावे.