शिफारसपत्र

फॉर्म विचारतो : अर्जदाराला तुम्ही किती वर्षं ओळखता?
मी लिहिते, तीन.
खरं तर हॅनकॉकमध्ये माणसं हिवाळ्यांनी मोजतात,
आणि त्या हिशोबाने आपली ओळख
बरीच जुनी, इर्या.

पुढचा प्रश्न : वरच्या पाच टक्क्यांत, दहा, की पंचवीस?
वर्गात तुम्ही अकरा जण होता.
अकराचे पाच टक्के म्हणजे जेमतेम अर्धं माणूस.
कमरेपासून वरचं धरू या,
म्हणजे पेन धरणारा हात आत येतो.
मी पाचवर खूण केली.
आठ विद्यापीठं, आठ पासवर्ड, आठ वेळा तेच अर्धं माणूस.

अर्जाची फी पंचाहत्तर डॉलर.
दोघांनी माफ केली. उरलेल्या सहांसाठी
तू डिसेंबरभर लॉन्ड्रोमॅटमध्ये रात्रपाळी केलीस
आणि ड्रायरच्या उबेला पाठ टेकवून
उद्देशपत्र लिहिलंस.
'लहानपणापासून मला पुस्तकांचं वेड...'
हे वाक्य दरवर्षी पडतं, बर्फासारखं.
दरवर्षी मी फावडं घेते नि बाजूला सारते.
यंदा सारलं नाही.
थकले होते, मान डोलावली.

सारलं ते तुझ्या वडिलांनी.
रेनो कोस्केला, काउंटीचा बर्फ उपसणारा ट्रक चालवतो.
पहाटे चारला घरी आला,
बूट न काढता टेबलावरचा कागद वाचला
आणि समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला :
कधी?

घरात पुस्तकं नव्हतीच.
होतं बोटीच्या इंजिनाचं माहितीपत्रक.
सात वर्षांची तू ते आजोबांना वाचून दाखवायचीस,
त्यांना इंग्रजी बोलता यायचं, वाचता नाही.
'बोल्ट हलक्या हाताने घट्ट करावा.'
ते थांबवायचे.
"हलक्या म्हणजे कुणाच्या हाताने?"

त्या प्रश्नावर तू दोन पानं लिहिलीस.
मी वाचली, माझं पत्र फाडलं,
नव्याने लिहायला बसले.

मार्चमध्ये पाच नकार. सगळे सभ्य, सगळे सारखे.
'यंदाचे अर्ज फारच उत्तम होते.'
म्हणजे तुझाही होता की, रेनो म्हणाला.

उरले तीन.
एका ठिकाणी नुसतीच प्रतीक्षायादी.
एक मोठं नाव, वेलींनी झाकलेल्या भिंती,
पण छदाम नाही : घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या.
आणि ओहायोतलं एक, ज्याचं नाव
दोनदा सांगावं लागतं :
पाच वर्षं विद्यावेतन, दोन वर्ग शिकवायचे,
उन्हाळ्यात काही नाही.

कुठे जाऊ, तू विचारलंस.
मी नोकऱ्यांचं सांगत बसले.
आमच्या विभागात शेवटची कायम जागा भरली
तेव्हा तू जन्मायची होतीस, वगैरे.
तू शांतपणे ऐकलंस.
"जाऊ का, असं नाही विचारलं मी.
कुठे, असं विचारलंय."

मग तूच फोन लावलेस, तिथे शिकणाऱ्यांना.
ग्रंथालयाबद्दल नाही, प्राध्यापकांबद्दल नाही.
ऑगस्टमध्ये काय खाता?
मोठ्या नावाकडचा मुलगा हसला, विषय बदलला.
ओहायोची ओडेट म्हणाली, टोमॅटो.
इमारतीमागे वाफे आहेत आमचे.
आणि जुलैत उसनवारी, सगळ्यांचीच सगळ्यांकडे,
वहीत लिहून ठेवतो.

पंधरा एप्रिलला तू होकार कळवलास.
प्रतीक्षायादीतलं नाव काढून घेतलंस,
कुणी दुसरं वर सरकलं असेल,
त्याचंही कुठेतरी अर्धं माणूस करून ठेवलेलं.

फॉर्मच्या तळाशी एक चौकोन होता :
आणखी काही सांगायचंय?
आठही वेळा मी तो रिकामा सोडला.
आता सुचतंय, तर पोर्टल बंद.

परवा पेट्रोल पंपावर रेनो भेटला.
तिकडे बर्फ किती पडतो, त्याने विचारलं.
इथल्या मानाने काहीच नाही, मी म्हटलं.
तो नोझल हातात धरून उभा राहिला
टाकी भरून गेल्यावरही.
"मग तिथले रस्ते," तो म्हणाला,
"मोकळेच असतील."