खिळा

ओईए तामिक, वय एक्क्याऐंशी,
एस्टोनियातल्या व्होरू गावी, लाकडी घराच्या तळमजल्यावर
मांडीवर नवं यंत्र घेऊन बसली आहे.
पाटीएवढं, करडं. पुस्तकं वाचायचं.

(ओईए लिहिलं, ते चूकच आहे.
तिचा पहिला स्वर ओ नाही:
ओ म्हणायला निघायचं
आणि ओठांना गोल होऊ द्यायचं नाही,
कडू औषध तोंडात धरल्यासारखं.
आपल्याकडे तो खिळा नाही.)

फोनवर नातू, तुर्कूच्या गोदीतून, मागे घणाचे आवाज.
"सेटिंग्ज उघड, आजी. मग वाय-फाय.
यादी येईल, त्यात तुझं नाव शोध.
मीच ठेवलंय, नाताळात आलो तेव्हा."

पडदा आधी काळा होतो, मग पांढरा,
मग अक्षरं उमटतात सावकाश,
ओल्या कागदावर प्रूफ उमटावं तशी,
आणि भिंतीपलीकडचे सगळे एकदम हजर.
वरचा दंतवैद्य, त्यानं नुसतं 'दात' ठेवलंय.
'मुर्री दुसरी': माल्लेची मांजर. पहिली गेली म्हणजे,
बोलली नाही कधी.
एक 'इथं घुसू नका'.
एक नुसते आकडे, नव्या भाडेकरूंचे असणार,
जिन्यात भेटले तरी मान खाली.

तिचं नाव नाही.

"नीट बघ."
"नीटच बघतेय. एकतीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात खिळे जुळवायची ती,
उलटी ओळ सुलटी वाचत.
तिच्या स्वराच्या डोक्यावर एक लाट असते, इतकी बारीक
की शाई पुसताना पहिली तीच तुटायची.
कप्पा संपला की मुकादम म्हणायचा,
साधा ओ लाव, लोक समजून घेतात.
ती लावायची नाही.
मोडक्यांतून एखादा बरा खिळा निवडत बसायची,
पान अर्धा तास उशिरा जायचं,
शिव्या तिला.

पुन्हा यादी. आता बोट लावून, ओळीओळीनं.
सगळ्यात वर, सगळ्या दांड्या भरलेल्या:
एक रिकामा चौकोन,
आणि त्याला चिकटून तिच्या नावाचं शेपूट.

"सापडलं," ती म्हणते. "यांच्याकडे खिळाच नाही."
तावी हसतो, मग ओशाळतो.
"रात्री बदलतो. साधा ओ टाकतो, चालेल?"

ती ऐकत नाही. राउटर फ्रिजवर आहे,
भोपळ्याच्या लोणच्याच्या बरणीमागे.
त्याच्या बुडाचे बारा आकडे पुटपुटत टाकते.
चुकला. सात की एक?
पुन्हा.
वर्तुळ फिरतं, फिरतं, थांबतं. जोडलं गेलं.
निजायच्या खोलीत नेलं तर तुटतं:
मधे विटांची भट्टी, आढ्यापर्यंत, सकाळपासून तापलेली.
तिच्यातून काही आरपार जायचं नाही, हे तिला माहीत होतं.
परत स्वयंपाकघरात, लाकडी बाकावर.

"मग, बदलू ना?"
"नको. चौकोन राहू दे.
रिकामी जागा दिसली तर कुणीतरी खिळा ओतेल.
ओ दिसला, तर चुकलंय हेच कळणार नाही कुणाला."

पुस्तक उतरतं.
पहिल्या पानावर, चौथ्या ओळीत, तिचा स्वर,
लाट शाबूत.
जुन्या सवयीनं ती त्यावर अंगठा फिरवते,
धार लागतेय का बघायला,

आणि पान उलटतं.