हिरव्या टोकाच्या खुंट्या

सातव्या होलपाशी तळं आहे,
भोवती लाल खुंट्या, टोकाला हिरवा रंग.
नुसती लाल असेल तर आत जाऊन चेंडू उचलता येतो.
हिरवं टोक म्हणजे पाऊलही नाही,
चेंडू समोर दिसत असला तरी नाही.
कमिटीचा ठराव आहे. मांडला रणभिसे साहेबांनीच,
पाणकोंबड्यांसाठी, दोन वर्षांमागे.
खुंट्या मी ठोकल्या. एकोणीस.

आज संध्याकाळी सगळे गेल्यावर
साहेब तिथंच उभे.
"गेणू, तू लहानपणी आत उतरायचास ना?"

उतरायचो. नागपूर चाळीतली आम्ही पाच पोरं,
कुंपणाखालून, पहाटे, चड्डीवर.
चेंडू डोळ्यांना नाही सापडत, अंगठ्याला सापडतो.
दगड गुळगुळीत लागतो, शिंपला कापतो,
चेंडूला देवीचे वण असतात.
धुऊन, राखेनं घासून, जुन्या बाजारात
रुपयाला एक.
एकदा तर ज्याचा त्यालाच विकला,
त्यानं ओळखला नाही.

साहेबांनी ह्या पाण्यात किती घालवले,
कधी मागं वळून बघितलं नाही.
आजच्यावर लाल ठिपका होता.
बाईसाहेब द्यायच्या, नेलपॉलिशचा,
"तुमचा तुम्हाला कळावा म्हणून."
डझनातला हा शेवटला.
त्या गेल्या त्या दिवाळीपासून खिशातच असायचा.
आज खेळायला का काढला,
त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

चपला काढल्या. विजार गुडघ्यावर.
मीच ठोकलेल्या दोन खुंट्यांमधून
चोरासारखा आत गेलो.
गाळ तोच. वास तोच. मी तेवढा जड झालोय.
टिटवीनं गाव गोळा केलं.
लव्हाळ्यातून एक पाणकोंबडी
काळ्या पिल्लांची माळ ओढत
पार पलीकडं गेली.
अंगठ्याला एक लागला. मग दुसरा.
मग सात-आठ एकदम,
बटाटे लावून कुणी विसरल्यासारखे.
पाण्याखाली ठिपका कुठं कळतो?

"बास," मागून साहेब म्हणाले.
"पिल्लं घाबरतायत."
आवाज ठराव मांडतानाचा होता.

हाताला आला तो एक घेऊन निघालो.
शेवाळलेला, पिवळा,
कुठल्या तरी बँकेचं नाव अर्धं पुसलेलं.
साहेबांनी रुमालानं पुसला, फिरवला,
चष्मा कपाळावर चढवून
पुन्हा फिरवला.
"हाच," म्हणाले,
आणि खिशात टाकला.

डोक्यावरून विमान लोहगावला उतरत होतं,
म्हणून बरं, कुणालाच काही बोलावं लागलं नाही.

फाटकावर त्यांनी पावतीपुस्तक मागितलं.
दंड दोन हजार. नाव, रणभिसे.
कारणाच्या रकान्यात स्वतःच लिहिलं:
तळ्यात उतरलो.
वॉचमननं त्यांच्या कोरड्या बुटांकडं बघितलं,
मग माझ्या पायांकडं.