पारंपरिक

परभणीत, स्टेशन रोडला, टायरच्या दुकानावर
माझी खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे,
खिडकीत जुनी गादी ठोकलेली.
इथं मी उमेदवारांची गाणी करतो निवडणुकीत,
एरवी वाढदिवसांची,
नवरात्रात थोडी देवीची.

प्रयागबाई उबाळे. वय बासष्ट. सेलूच्या पलीकडच्या.
पहिला अल्बम.
सोबत दोघी जणी, आणि पिशवीत
फडक्यात गुंडाळलेला विळा.
हा कशाला, मी विचारलं.
म्हणल्या, "हात रिकामा असला की गळा बसतोय बाबा."

हेडफोन घातला, लगेच काढला.
"ह्याच्यात मीच मला ऐकू यायलेय.
ह्या दोघी कुठं गेल्या?"
मग दोघींनाही आत घेतलं,
मधोमध एकच माईक,
आणि तिघी त्याच्याभोवती अशा उभ्या
जसा काही तो आजारी आहे.

ठेका चुकू नये म्हणून मी टिकटिक लावलेली.
प्रयागबाई तिच्या पुढं जायच्या, मागं राहायच्या,
एका जागी तर थांबायच्याच.
"इथं वाकावं लागतंय," म्हणल्या.
"पेंढी काय उभ्यानं बांधतेत का?"
मी टिकटिक बंद केली.

सतरा गाणी. सुगीची जास्त.
हळदीची तीन, एक पाळण्याचं,
एक मेलेल्या बैलाचं, ते म्हणताना तिघींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.
एक अर्ध्यातच थांबलं.
"पुढचं सासूला येत होतं."
एक मिनिट चाळीस सेकंद. तसंच ठेवलं.

रात्री साफसफाईला बसलो.
श्वास काढले, सवयीनं.
खोकला काढला, बांगड्या काढल्या,
गादीतून शिरलेली मालगाडी काढली.
मग ऐकलं.
बाई गात होती,
पण उभी कुठं होती ते कळेना.
पहाटेपर्यंत एकेक परत ठेवत बसलो.
मालगाडीसुद्धा.

मग फॉर्म. गायिका, संगीत, गीतकार.
गीतकारात पारंपरिक लिहिलं,
आणि तेच उचलून खाली सतरा वेळा चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी त्या शेजारी बसलेल्या.
"काय लिहायलास?"
पारंपरिक.
"ही कोण?"

कुणी नाही मावशी, म्हणजे जुनं,
म्हणजे सगळ्यांचं.

बराच वेळ खालच्या दुकानात हवा भरल्याचा आवाज.
मग त्यांनी बोट पुढं केलं, काचेला टेकवलं.

"हे तिसरं.
*पेंढीवर पेंढी बाई चांदणं बांधलं*
इथपर्यंत पहिल्यापासून होतं.
*मालकाच्या खळ्यात माझं निम्मं सांडलं*
हे द्रुपदाचं. गव्हाण्याच्या द्रुपदाचं.
मालकासमोरच जोडलं तिनं.
दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतलं नाही.
आम्ही मात्र म्हणत राहिलो,
तो लांब गेला की.

हळदीचं दुसरं माझ्या जावेचं, कौसाचं.
बोलताना अडखळायची, तिला 'पाणी' म्हणता यायचं नाही.
ह्या गाण्यात सात वेळा पाणी आहे.
मोजून बघ.

ते बैलाचं कुणाचं ते सांगत नाही.
तिचा नवरा अजून आहे."

मी लिहायला लागलो. द्रुपदा गव्हाणे, कौसाबाई उबाळे,
भट्टीवरची इठा, आडनाव ठाऊक नाही,
झरीची एक, ती बांगड्या विकायची.
रकाना चाळीस अक्षरांचा.
इठाच्या पुढं अक्षर उमटेना.

तर माईक परत लावला.
अठरावं: नुसती नावं.
चाल नाही, काही नाही.
प्रयागबाई नाव घ्यायच्या,
बाकी दोघी "हं" म्हणायच्या,
मध्येच एखादीला आठवायची आणखी कुणी,
आणि विळ्याची मूठ मांडीवर
आपोआप पडत राहायची.

त्या सहाच्या गाडीनं गेल्या.
मी सतराच्या सतरा ठिकाणचं पारंपरिक खोडलं,
रकाना रिकामाच ठेवला,
आणि बटण दाबलं.

यंत्रानं लाल अक्षरांत सांगितलं,
हा रकाना भरणे आवश्यक आहे.