वाढत्या अंगाचं

तुर्भ्याच्या शेडमध्ये तीस वर्षं डाय बसवल्या मी.
सुताचा फरक आधी बोटाला कळतो,
डोळ्याला नंतर.
आता तिथे गोदाम झालंय,
आणि मी माझा व्हाइस उचलून खारघरला आणलाय,
डोंगराच्या पायथ्याशी, पंक्चरवाल्याशेजारच्या गाळ्यात.
पाटीवर लिहिलंय: गोल्फच्या काठ्या बसवून मिळतील.
लोक विचारतात, कशात बसवून?
मी म्हणतो, माणसात.

प्रणिता मढवी आली ती मे महिन्यातल्या भर दुपारी,
हातात एकच वेज, फडक्यात गुंडाळलेली.
कुण्या सहा फुटी साहेबाने नवी बॅग घेतली
तेव्हा तिच्या बापाला दिलेली,
दिवाळीला जुना शर्ट द्यावा तशी.
बाप तिथलंच गवत कापतो.
ही पाच फूट एक इंच.
म्हणाली, काका, नुसती ग्रिप बदला, घसरते.

मी म्हटलं, आधी मारून दाखव.
तळाला चिकटपट्टी लावली,
चेंडूवर मार्करने उभी रेघ ओढली,
फळीवर ठेवला.
पट्टी टाचेकडेच खरवडली.
रेघ पात्यावर उमटली ती कलंडलेली,
घाईत केलेल्या सहीसारखी.
टोक हवेत, टाच जमिनीत.
काठी तिच्या हातात नव्हतीच,
वरून तिच्याकडे बघत होती.

चेंडू डावीकडे जातो ना?
जायचा, ती म्हणाली. आता नाही जात.
मी उजवीकडे बघून मारते.
किती उजवीकडे?
त्या बाभळीएवढं.

मला पाचवीचा गणवेश आठवला.
आई शिंप्याला म्हणाली होती, वाढत्या अंगाचं शिवा.
त्याने टेप गळ्यातून काढलीच नाही.
आठवीपर्यंत मी बाह्या दुमडत राहिलो,
अंग भरलं तोवर कापड विरलं.
पुढे प्रेसवरचा खटका उजवीकडे.
मी डावरा.
कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.
कुणी विचारलं नाही,
आणि मलाही वाटत राहिलं
की बसायचं असतं ते माणसानेच.

चार सूत कापली काठी.
कापल्यावर डोकं हलकं लागतं,
म्हणून पात्याच्या पाठीला शिशाची पट्टी, नखाएवढी.
मान व्हाइसमध्ये धरून दोन अंश झुकवली,
हळू, झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तशी.
तळाची मागची कड कानशीने उतरवली,
कारण इथली जमीन मेमध्ये तवा होते,
जाड तळ तिच्यावरून उडी मारतो
आणि पातं चेंडूच्या पोटात शिरतं.
मग बारीक ग्रिप.
तिची बोटं पहिल्यांदाच तळव्यापर्यंत पोचली.
तिने मूठ दोनदा उघडून बघितली.

पैसे ग्रिपचेच सांगितले.
बाकीचे डायरीत लिहिले, माझ्याच नावावर.

दुसऱ्या दिवशी गाळा उघडायच्या आत दारात हजर.
काका, बिघडवलीत तुम्ही.
सगळे उजवीकडे जातायत. थेट बाभळीवर.

मी पंक्चरवाल्याच्या पोराला दोन चहा सांगितले.
म्हटलं, काठी बरोबर आहे.
तू बघतेस तिथे मारतेय ती.

बराच वेळ बोलली नाही.
चहावर साय धरली.
मग गाळ्यासमोरच्या मातीत उभी राहिली,
डोंगराकडे तोंड करून,
धबधब्याची कोरडी, काळी रेघ समोर धरली.
पाय उचलले, सरळ ठेवले.
खांदा सवयीने उजवीकडे गेला.
परत आणला.
पुन्हा गेला.
असं तर वाकडं वाटतंय, म्हणाली.

वाटणारच, मी म्हटलं. दोन वर्षांचं आहे ते.
माझं किती वर्षांचं, ते सांगितलं नाही.

रात्री शटर ओढलं
आणि कुलूप डाव्या हाताने लावून पाहिलं.
किल्ली दोनदा पडली.