'टेलचं पाणी' : सगळ्या आवृत्त्या

परभणीत, टेसनामागं, गफूर टेलरच्या माडीवर
भिंतींना गाद्या ठोकलेल्या.
मालक म्हणाला, हाच स्टुडिओ.
माईक एकच. गुणाजीदादा पुढं,
मी झीलकरी, चार फूट मागं,
खडूनं रेघ मारून दिलेली :
हिच्यापुढं पाय आला तर टेप वाया.

साल सत्त्याऐंशी. आठ गाणी, सगळी दादाचीच.
कॅनॉलवर, चारीवर, गेट उघडणाऱ्या सायबावर,
आणि एक सासूवर,
कारण कंपनीवाल्याला हसायला काहीतरी पाहिजे होतं.

पाचव्या गाण्यात
'पाणी सुटलं रं' म्हणून दादानं दम घेतला
आणि काचीगुडा पॅसेंजरनं शिट्टी दिली.
लांब.
गाद्यांतून, पोत्यांतून, बरगड्यांतून.
मी झील विसरलो.
परत घ्यायला टेप उरली नव्हती.

पहिल्या पाचशे कॅसेटी.
कव्हरावर गुणाजीचा गुलाबजी झाला.
दोनशे आम्हीच विकल्या सायकलीवर,
बोरी, जिंतूर, सेलूचा बाजार.
हिशेब करू, म्हणाली कंपनी;
आमच्या शिवाराला कॅनॉल येतो, तसा आला हिशेब.

दुसरी कुणी काढली ठाऊक नाही.
नांदेडात मिळायची,
फोटो भलत्याच शाहिराचा, फेटा मात्र झकास.
दादानं ती विकत आणली.
म्हणाला, गळा माझा हाय ना,
तोंड कुणाचं का असंना.

मग सीडी. तिच्यात सासू पहिली.
मग रसवंतीवरचा पेनड्राइव्ह,
चारशे गाण्यांत आमची आठ, बिननावाची.
तोवर छोटी लाईनही उखडून नेली होती.

औंदा पुण्याची दोन पोरं आली,
भली पोरं, दादाच्या पाया पडली.
मोबाइलवर सगळं नव्यानं आणलं,
नाव बरोबर लिहिलं,
आवाज धुऊन काढला.
दादानं पाचवं गाणं कानाला लावलं,
शेवटपर्यंत ऐकलं,
म्हणाला, कामून, गाडी चुकली का रं?

बोरीच्या जत्रेत परवा
एक पार्टी हेच गाणं म्हणत होती.
'पाणी सुटलं रं' आलं
आणि ढोलकीवाल्या पोरानं
दोन बोटं तोंडात घालून शिट्टी फुंकली.
लांब, तेवढीच.
त्यानं ते इंजिन बघितलेलंही नसणार.

शिट्टीनंतर एक ओळ
कुणीच गात नाही तिथं.
मागचे झीलकरी नुसते उभे राहतात,
अदबीनं.
ती माझी.